सोमवारचा तांबडा दोरा

रत्नाक्का दुधनीकरीण. नाव आधी लिहून टाकते. माझी शाळा तिसरीतच सुटली, लिहिताना भरकटायची सवय आहे, आणि सगळं सांगून झाल्यावर जिच्यामुळे सांगायला काही उरलं तिचंच नाव राहून गेलं, असं व्हायला नको. माझ्या घरचा माणूस आज चाळीचा जिना चढून वर येतो आणि वर आल्या आल्या माझ्याशी भांडू शकतो, ते तिच्यामुळे. डॉक्टरांमुळे नाही. देवामुळे थोडंफार असेल, पण देवाची नोकरी गेली नाही. आक्काची गेली.

सोलापुरात गिरणीच्या वायंडिंग खात्यात, म्हणजे बाया बाबिनींवर सूत भरतात तिथं, ती माझ्या उजव्या हाताला उभी राहायची. मी कोकणातल्या खाडीकाठची. लग्न झालं आणि ह्यांच्या मागून इथं आले. इथं पाणी नाही, मासळी नाही, आभाळ नुसतं पांढरं, आणि लोक बोलतात ते निम्मं मराठी, निम्मं कानडी, मधेच तेलुगू. मला लहानपणापासून कसली ना कसली धास्ती असतेच. इथं आल्यावर ती धास्ती छातीत बिऱ्हाड करून राहिली. पहिल्या आठवड्यात यंत्रांच्या खडखडाटात मी उभी होते, डोळे भरलेले, आणि ही काळीसावळी उंच बाई माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "कोकणे, तुजा श्वास गळ्यातच अडकलाय की! खाली सोड. पोटापातूर जाऊ दे. पोट काय भाड्यानं दिलंस व्हय?"

तू कोण, कुठली, असं काही नाही. श्वासाची चौकशी पहिली.

मी "तुम्ही" म्हणाले तर तिला राग आला. "तुमी-तुमी काय करतीस? मी काय मुकादमीण हाय? आक्का म्हण." तेव्हापासून आक्का.

आक्काचा डावा गाल कायम थोडा फुगलेला असे. नवख्याला वाटे सुपारी धरलीय. तोंडात काही नसे. तिचे वडील दुधनीच्या देवळात सुंदरी वाजवायचे. सुंदरी म्हणजे सनईची धाकटी बहीण, वीतभर लांब, आवाज असा की कानात नाही, भुवयांच्या मधे लागतो. वडिलांना मुलगा नव्हता. त्यांनी हिलाच शिकवलं, घराची दारं लावून. सूर न तोडता श्वास घ्यायचा तर गालात वारा साठवायचा, तो ओठांनी सोडत राहायचा आणि तेवढ्यात नाकानं नवा आत घ्यायचा. वयाच्या सातव्या वर्षापासून गालात वारा धरून धरून तो गाल तसाच राहिला. "घे, पण सूर सोडू नको," हे तिच्या वडिलांचं वाक्य. आक्का ते कुठंही लावायची. मला दिवस गेले आणि उलट्या सुरू झाल्या तेव्हाही म्हणाली, "घे, पण सूर सोडू नको." तेव्हा मला तिचा रागच आला होता.

तिला सगळ्याचा सूर कळायचा. तिसऱ्या रांगेतल्या यंत्राचं बेअरिंग कोरडं पडलंय हे फिटरच्या आधी तिला कळे. गिरणीचा भोंगा पेटीवरच्या काळी दोनच्या जरा खाली लागतो अशी तिची कायमची तक्रार. फिटरला गाठून म्हणायची, "तेवढा चढवा की हो त्याला. रोज सकाळी सगळ्या गावाला बेसूर उठवतोय." फिटर हात जोडायचा.

नवरा होता म्हणे. त्यानं एक दिवस विचारलं, मी पाहिजे का ती सुंदरी पाहिजे. "मी म्हटलं, तू फुंकल्यावर वाजतोस व्हय?" तो गेला. आक्का सुंदरी लुगड्याच्या फडक्याच्या पिशवीत घालून गाडीत बसली आणि सोलापूरला उतरली.

बाईनं सुंदरी फुंकायची नाही, हे तर तिथं सगळ्यांनाच ठाऊक. गाणाऱ्या बाया असतात, नाचणाऱ्या असतात, पण तोंडानं फुंकायचं वाद्य पुरुषाचं. आमच्या मागच्या गल्लीत एका विणकर घरचं लग्न होतं. मुहूर्त टळत आला तरी वाजंत्री येईनात, गाडी चुकली का काय. आक्का मांडवात जाऊन बसली आणि पिशवीची गाठ सोडू लागली. त्यांच्यातले एक म्हातारे पुढं झाले. "बाईनं फुंकायचं ते चुलीत."

"तितंच शिकले की, आजोबा," आक्का म्हणाली. "आता बगा तुमची चूल कशी पेटती."

आणि वाजवायला लागली. म्हाताऱ्यांनी तोंड फिरवलं, पण मांडव सोडला नाही. मुलीची आजी मात्र मांडीवर ठेका धरून बसली होती. अक्षता पडल्या त्या तिच्या सुरावर पडल्या. दुसऱ्या दिवशी त्या गल्लीतून आक्काला बुंदीचे लाडू आले आणि सोबत निरोप, की वाजवल्याचं कुणाला सांगू नका. आक्कानं लाडू खाल्ले आणि नळावर सगळ्यांना सांगितलं.

आता मुख्य गोष्ट. सुरानं माणूस बरा होतो का? तिच्याकडं येणारे हेच विचारत यायचे, आणि ती सगळ्यांना हाकलून लावायची. कुणी नारळ घेऊन यायचं, कुणी दृष्ट लागलेलं पोर. "मी देव्हारा न्हाय. नारळ घरी ने, चटणी कर." एकदा एक बुवा आपल्या बायकोला घेऊन आला. म्हणे हिला फार ओरडायची सवय, काही सूर ऐकवून हिला शांत करा. आक्कानं बायकोला चहा दिला आणि त्यालाच फुंकणी घेऊन लोटाभर पाण्यात फुंकायला बसवलं. तासभर. घामाघूम झाला. मग बायकोला म्हणाली, "जा बाई. आता आठ दिवस तुला ओरडायला लागंल असं काय करायचा दम त्याच्यात राह्यला न्हाय."

पण तिच्याकडं या विद्येची परंपरा होती, आणि ती तिनं नीट पारखून घेतली होती. सांगायची, त्यांच्याकडं साप चावला की माणसाला देवळात आणून बसवत आणि त्याच्यासमोर वाजवत. झोपू द्यायचा नाही. ती दहा वर्षांची असताना भर दुपारी ज्वारीच्या रानातून एका गड्याला आणलं. वडिलांनी दुपारपासून दिवस मावळेपर्यंत सुंदरी खाली ठेवली नाही. ओठ फुटून रक्त आलं. गडी गेला. आक्का वडिलांवर चिडली, मग वाजवलं कशाला? वडील म्हणाले, "पोरी, आपल्याच्यानं इष उतरत न्हाय. त्याला एकटा सोडायचा न्हाय, एवढंच आपलं काम." हे सांगताना आक्काचा गाल बसायचा. तेवढ्यापुरताच.

शहरात जुन्या वेशीकडं एक म्हातारे हकीम होते. रुग्णाचा एक हात धरायचे आणि दुसऱ्या हाताची बोटं गुडघ्यावर ताल मोजत असायची. ते सांगत, पूर्वी नाडी शिकायच्या आधी हकिमाला ताल शिकावा लागे, लय कळत नाही त्यानं मनगट धरायचंच नाही. ज्यांना रोग सापडत नाही पण श्वास लागतो, झोप नाही, काळीज धडधडतं, अशांना ते आमच्या चाळीत धाडत. एकदा स्वतःच काठी टेकत आले. "रत्नाबाई, नब्ज मैं देखतूं, दम तुमे देखो. पैसे नक्को बोलते तुम, तो ये खजूर लेव." आक्का खजूर घ्यायची. म्हणायची, "हकीमसाब, तुमच्या औषदानं बरा झाला तर तुमचं नाव, माज्या सुरानं झाला तर बी तुमचंच." दोघं हसायचे. त्या दोघांइतकं आपल्या विद्येवर शंका घेणारं आणि तरी ती न सोडणारं माणूस मी पाहिलं नाही.

आमचे हे कार्ड खात्यात होते. तिथं कापूस पिंजून त्याचा पेळू होतो. त्या खात्यात उजेड दिसत नाही, उडणारा कापूस दिसतो. माणसं बाहेर येतात ती भुवया पांढऱ्या करून, पंचविशीतले म्हातारे. दुसऱ्या वर्षी ह्यांना एक विचित्र दुखणं लागलं. रविवारी सुट्टी, तेव्हा अगदी ठीक. सोमवारी कामावर जात, आणि दुपारनंतर छातीवर कुणी दगड ठेवावा तसं होई. डोळे लाल, अंग कणकणलेलं, पाय लटपटत. मंगळवारी थोडं कमी. शनिवारपर्यंत चाललं तर चाललं. पुन्हा सोमवार आला की तेच.

सोमवारी, लाल डोळे, लटपटते पाय. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, काय समजायचं ते समजला. रविवारची उतरली नाही. गिरणीच्या दवाखान्यात पाठवलं, तिथं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, "दारू". जॉबरला इंग्रजी येत नसे म्हणून कारण मराठीत लिहीत. तेवढं मला वाचता आलं. तिसरीपर्यंत शिकल्याचा पहिला उपयोग हा असा झाला. ह्यांनी जन्मात दारूला तोंड लावलेलं नाही. लावली असती तर निदान त्या शब्दाला आधार तरी मिळाला असता. दुसऱ्या सोमवारी तीच चिठ्ठी. तिसरी मिळाली की नाव कमी. नाव कमी झालं तर चाळीतली खोली जाते, कारण खोली गिरणीची, आणि मग त्या खाडीकाठी परत. तिथं ह्यांच्या भावांनी आधीच सांगून ठेवलं होतं की परत आलात तर जमिनीवर पाय ठेवू नका. मला सहावा महिना.

मी आक्कासमोर रडले. तिनं विचारलं, "नाव काय तुज्या मालकाचं?"

मी पदर तोंडावर घेतला.

"अगं मेले, आजाऱ्याचं नाव लागतंय! उखाण्यात घे पायजे तर."

मी नुसती मान हलवली. शेवटी आक्कानं कपाळावर हात मारला. "ऱ्हाऊ दे. कोकण्या म्हणते. कोकणाला काय नावं थोडी हायत."

त्या रविवारी संध्याकाळी कार्ड खात्यातले सहा जण आमच्या चाळीच्या चौकात जमले. प्रत्येकानं घरची फुंकणी आणायची. सहा घरच्या चुली त्या संध्याकाळी उशिरा पेटल्या आणि सहा बायका आक्काच्या नावानं बोटं मोडत होत्या. मधे एक मोठी परात, पाण्यानं भरलेली. सगळ्यांनी फुंकणीचं टोक त्याच पाण्यात धरायचं आणि एका श्वासात जेवढं होईल तेवढं फुंकायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. एकानं कुरकूर केली, एकाच पाण्यात सगळ्या जातींनी?

"खात्यातला कापूस तुजी जात इचारून छातीत शिरला व्हय?" आक्का म्हणाली. "मग पाण्यालाच कशाला इचारतोस? ऊदु!"

ऊदु म्हणजे कानडीत फुंक. चिडली किंवा रंगात आली की ती कानडीवर यायची.

शिकवताना ती सुंदरीवर एकच सूर धरायची, खालचा, जाड, शांत, आणि त्यांना त्या सुराला धरून फुंकायला सांगायची. तिचं म्हणणं, दम संपत आला की माणूस घाबरतो आणि घाबरला की छाती आणखी आवळते. निम्मी धाप धुळीची, निम्मी भीतीची. "धूळ काय माज्या सुरानं निगत न्हाय. छातीत गेलेला कापूस तितंच ऱ्हातोय. पण कानात सूर असला की भ्यायला जागा उरत न्हाय. निम्मं तरी परत घ्या की." हे मी तिच्याकडून शंभरदा ऐकलं आहे. जास्त कबूल करायला ती कधी तयार झाली नाही.

मोजायची तिची रीत मात्र तिची एकटीची. माणूस पाण्यात फुंकायला लागला की ती बाबिनीवरचा दोरा ओढायला लागायची, हातभर, हातभर, पायातल्या जोडव्याच्या ठेक्यावर. जोडवं फरशीवर टक् झालं की एक हात. बुडबुडे थांबले की दोरा तोडायचा. तो दोरा म्हणजे त्या माणसाचा श्वास. रविवारचा पांढरा, सोमवारचा तांबडा, मंगळवारचा निळा. सहा माणसांच्या सहा जुड्या तिनं खुंटीला लावल्या. ह्यांचा पांढरा दोरा एकोणीस हात भरला. सोमवारी संध्याकाळचा तांबडा, अकरा. मंगळवारचा निळा, चौदा. सहाही जणांचं असंच. कुणाला काही सांगावं लागत नव्हतं, खुंटीकडं पाहिलं की दिसत होतं. तांबडे सगळे आखूड.

सातवी जुडी नागप्पाची. नागप्पा घडी खात्यातला, तिथं तयार कापडाच्या घड्या करतात, धूळ नाही. आणि नागप्पा रोज पीत असे. सोमवार, मंगळवार, सणवार, भेद नाही. त्याला कशाला बसवलं हे आम्हाला कळेना. आक्का म्हणाली, "तो माजा मास्तर हाय."

त्या सोमवारी सुपरवायझरनं बघून न बघितल्यासारखं केलं म्हणून हे वाचले. पण पुढच्या सोमवारी दुपारी ह्यांना धरून दवाखान्यात नेलं. आक्काला कळताच ती यंत्र बंद करून निघाली. मी मागं. वाटेत तिनं जुड्यांतल्या बाकी पाचही जणांना आणि नागप्पाला हाका मारल्या. बाईनं खातं सोडून जाणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. मी माझं यंत्र शेजारणीच्या हवाली केलं होतं, आक्कानं तेवढंही केलं नाही.

डॉक्टर तरुण होते, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडं बघायचे. चिठ्ठी लिहायला घेतलीच होती. आक्कानं सकाळी निघतानाच बरोबर घेतलेल्या जुड्या आणि फुंकणी त्यांच्या टेबलावर टाकल्या आणि पांढरा, तांबडा, निळा सांगितला. डॉक्टर हसले.

"बाई, दोरा काय, कुणीही हवा तेवढा तोडतो."

"म्हणूनशान तर आणलंय सायेब. आज सोमवार हाय. तुमच्या हातानं ओढा."

कंपाउंडरनं गंमत म्हणून पाण्याचा ट्रे आणला. आक्काच्या जोडव्याचा ठेका तपासायला डॉक्टरांनी घड्याळ टेबलावर ठेवलं, आणि खरंच दोरा ओढला. ह्यांचा दहा हात. दुसऱ्याचा बारा. तिसरा खोकून खाली बसला. कंपाउंडरनं फुशारकीनं स्वतः फुंकून पाहिलं, एकवीस. डॉक्टर आता हसत नव्हते, पण हट्टाला आले होते.

"रविवारी पितात. सोमवारी दम राहत नाही. साधी गोष्ट आहे."

"नागप्पा, फुड ये," आक्का म्हणाली. "सायेबास्नी सांग, काल घेतलीस?"

"घेतली की."

"आज?"

नागप्पानं डॉक्टरांकडं बघितलं, आक्काकडं बघितलं. "जरा."

"फुंक."

नागप्पानं फुंकलं. डॉक्टरांनीच ओढलं. अठरा हात.

"ह्यो खरा दारुडा," आक्का म्हणाली. "ह्याच्या चिठ्ठीवर तुमी एकदा बी दारू लिव्हलं न्हाय. ज्यानं थेंब घेतला न्हाय त्याच्यावर दोनदा लिव्हलं. इतं दारू न्हाय सायेब, कापूस हाय. दारू रविवारची असंल तर सोमवारी सकाळी दम पुरा, आणि दुपारनंतर कसा जातोय? कापसाचं तसं न्हाय. एक दिस छाती मोकळी ऱ्हायली की दुसऱ्या दिशी तिला तो नव्यानं बोचतोय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, झालं. सुटलो.

तेवढ्यात टाइमकीपर आला. वायंडिंग खात्यातली बाई यंत्र सोडून गेल्याची वर्दी त्याला मिळाली होती. त्यानं आक्काकडं बघितलं आणि मग टेबलावर. तांबडा, निळा. "हे सूत कुठलं?"

आम्ही त्या जुड्यांकडं बघितलं. आणि खरं सांगते, तोपर्यंत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. वायंडिंगमधल्या बाईच्या हाताला सुताचं तुटकं टोक नेहमी लागलेलंच असतं. आमच्या वेण्या त्यानं बांधलेल्या, परकराची नाडी त्याची, पोराच्या कमरेचा करगोटा त्याचा, कंदिलाची कडी त्यानंच अडकवलेली. सगळी चाळ गिरणीच्या सुतानं बांधलेली होती. बाजारात दोऱ्याचं रीळ मिळतं, हे आम्हाला ठाऊक होतं, पण बाजारातून दोरा आणायचा हे कुणाला सुचलंच नाही. वरून आक्कानं रंगीत घेतलं होतं. पांढरं असतं तर खपून गेलं असतं.

"गिरणीचं," आक्का म्हणाली.

"म्हणजे चोरी."

डॉक्टर म्हणाले, "अहो, तुटकं सूत—" पण टाइमकीपर त्यांच्यापेक्षा जुना होता. त्यानं तिथल्या तिथं सांगितलं, नाव कमी, संध्याकाळच्या आत.

मी तिच्या पदराला धरलं. वाटलं, ती आता तरी माफी मागेल. आक्कानं माझा हात हळूच सोडवला. डावा गाल फुगलेलाच होता. म्हणाली, "दोरा तुमचा. बरं. ठेवून घ्या. पण हितं ह्या माणसांचा दम मोजलाय, तो बी तुमच्याच सुतात गेला. दोरा परत घेतलासा, आता दम परत देतासा? सांगा. एकोणिसातले कोकण्याचे नऊ हात हायत. मी थांबते."

टाइमकीपर थांबला नाही. डॉक्टरांनी मात्र जुड्या उचलल्या आणि आपल्या खणात ठेवल्या. मग चिठ्ठी फाडली, दुसरी घेतली. मी वाकून वाचली. "छाती."

एकच शब्द. पुढच्या आठवड्यात ह्यांना घडी खात्यात घातलं, नागप्पाच्या शेजारी. बाकीच्यांचं काय झालं ते सांगताना मला बरं वाटत नाही. चौघं कार्ड खात्यातच राहिले, एक त्या छातीनंच गेला. पण सोमवारी "दारू" लिहिणं त्या दवाखान्यात बंद झालं, हे मी पाहिलं आहे.

आक्काचं शेवटचं दर्शन दुसऱ्या दिवशीचं. चोरी झाली म्हटल्यावर सुटीच्या वेळी झडती कडक करायचा हुकूम निघाला. अंगावर गिरणीच्या सुताचा धागासुद्धा जाता कामा नये. झडतीवाली बाई पहिल्याच बाईच्या वेणीपाशी अडली. वेणी सुतानं बांधलेली. सोड म्हणाली. मग दुसरीची. मग कुणीतरी मागून ओरडलं, "सगळ्याच सोडा गं!" आणि आम्ही सोडल्या. टेबलावर रंगीबेरंगी धाग्यांचा ढीग झाला. केस सोडलेली बाई रस्त्यावर दिसली तर लोक म्हणतात अंगात आलं, नाहीतर कुणी मेलं. वायंडिंग खात्यातल्या साऱ्या बाया केस मोकळे सोडून, माना ताठ, फाटकातून बाहेर पडल्या. मी कधी एवढी भ्याले नव्हते, आणि कधी एवढी मोकळी चाललेही नव्हते. पानवाल्यानं हातातलं पान खाली ठेवलं.

समोर, रस्त्याच्या पलीकडं, कडुनिंबाखाली आक्का बसली होती. पायाशी गाठोडं, हातात सुंदरी, उघड्यावर, साऱ्या गावादेखत. आम्हाला तशा पाहून ती हसली, आणि तेवढ्यात रात्रपाळीचा भोंगा झाला. काळी दोनच्या जरा खाली, नेहमीसारखा बेसूर. आक्कानं सुंदरी ओठाला लावली आणि भोंग्याचाच सूर धरला, वरच्या सप्तकात. पण खाली नाही. जिथं तो लागायला हवा होता तिथं, नेमका. बेसूर आणि सूर शेजारी शेजारी उभे राहिले की काय होतं ते मी तेव्हा ऐकलं. भोंग्याचीच लाज वाटली.

भोंगा थांबला. आक्काचा सूर थांबला नाही. आत जाणारे गडी थबकले, मुकादम हाका मारायला लागले, तरी चालूच. हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांनी नकळत तिच्या सुराबरोबर श्वास धरला होता, आणि तो सोडायची वेळ आली तरी तिचा सूर चालूच होता. मी तिच्या गालाकडं पाहत होते. तो बसत होता, भरत होता. ती घेत होती, पण सोडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती दुधनीला गेली. जाताना शेजारणीकडं माझ्यासाठी तिची लोखंडी फुंकणी ठेवून गेली आणि निरोप, "कोकणीला म्हणावं, बाळंत व्हताना ओरडायचं न्हाय, फुंकायचं." मी दोन्ही केलं. मुलगी झाली.

त्याला आता चार वर्षं झाली. आक्का दुधनीत आहे, देवळाच्या बाहेरच्या ओट्यावर बसते, आणि बाईनं वाजवू नये म्हणणारे अजून आत बसतात, एवढं गाडीवरच्या माणसांकडून कळतं. पत्र मी तीनदा लिहायला घेतलं. दोन ओळींच्या पुढं जात नाही, माझं अक्षर आक्काला कोण वाचून दाखवेल आणि हसेल, अशी धास्ती.

म्हणून इथं लिहिते. आक्का, ह्यांना सुट्टी मिळेल त्या सोमवारी, आणि सोमवारीच, मी दुधनीच्या गाडीत बसणार आहे. हे बरोबर असतील, पोर असेल, फुंकणी असेल. येताना बाजारातून, दुकानातून, तांबड्या दोऱ्याचं नवं रीळ घेऊन येईन. त्यावर कुणाला हक्क सांगता येणार नाही. तुझ्या ओट्यावर सगळ्या गावादेखत पाण्याची परात मांडीन, हे फुंकतील, आणि रीळ मी तुझ्या हातात देईन. ओढ आक्का. आणि त्या दिवशी ह्यांचं नावही तुला सांगीन, मोठ्यानं, एका श्वासात.